ऑफिस नसलेली कंपनी आणि पाळीचं रजिस्टर

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात:

नाशिकला इंदिरानगरमध्ये राहणारे हे वाचक ३९ वर्षांचे आहेत. पुण्यात अकरा वर्षं नोकरी केली, २०२० च्या लॉकडाउनमध्ये घरी आले ते परत गेलेच नाहीत. छोट्या कारखान्यांना स्टॉक आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर करून देणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी त्यांनी सुरू केली. आज १४ माणसं आहेत. पाच नाशिकमध्ये, बाकीची येवला, मालेगाव, संगमनेर, धुळे, जळगाव, कोल्हापूर अशी विखुरलेली. ऑफिस नाही, सगळे घरून काम करतात. गेल्या वर्षभरात मात्र घडी विस्कटली आहे. कामं रेंगाळतात, यांचा फोन सकाळी आठ ते रात्री अकरा चालू असतो. एक मुलगा दुसरीकडेही काम करतो असं कळलं. येवल्याच्या एका हुशार मुलीनं लग्नानंतर आठ महिन्यांत राजीनामा दिला, कारण एवढंच की 'घरी जमत नाही'. अंबडचं एक मोठं गिऱ्हाईक विचारतंय, "तुमचं ऑफिस बघायला कधी येऊ?" सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले वडील म्हणतात, "दारावर पाटीसुद्धा नाही, ही कसली कंपनी?"

आता कॉलेज रोडला एक जागा बघून ठेवली आहे. भाडं महिना ६५ हजार, डिपॉझिट सहा महिन्यांचं. सगळ्यांना नाशिकला बोलवायचं, येणार नाहीत त्यांना सोडायचं, आणि तोपर्यंत प्रत्येकाच्या लॅपटॉपवर स्क्रीनवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर टाकायचं, असा बेत आहे. "माणसं समोर असली की काम होतं, हे मला उशिरा कळलं का?" असं ते विचारतात.

उत्तर:

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात वाटलं, माणूस दमलाय, घेऊ दे ऑफिस. दुसऱ्या वेळी पेन्सिल घेऊन बसले आणि तुमच्या एकेका तक्रारीपुढे खूण करत गेले. माणूस समोर नाही म्हणून हे झालं, की दुसऱ्याच कशामुळे? शेवटी पाहिलं तर पहिल्या रकान्यात फार थोड्या खुणा होत्या.

तुम्ही लिहिलेला जळगावच्या मुलाचा प्रसंग घेऊ. बुधवारी रात्री पावणेदहाला तुम्ही त्याला फोनवर सांगितलंत, "अंबडवाल्यांच्या चलनाचं जरा बघून घे, मागच्या वेळी केलं तसं." त्यानं दोन दिवस राबून चलनाच्या, म्हणजे मालासोबत जाणाऱ्या कागदाच्या, छपाईचा नमुना सुधारला. शुक्रवारी संध्याकाळी कळलं की गिऱ्हाइकाला ते नकोच होतं. जॉबवर्कला, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला, गेलेला माल हप्त्याहप्त्यानं परत येतो, त्याची शिल्लक दिसत नव्हती, आणि त्यांना ती हवी होती. दोन दिवस वाया गेले. त्यावर तुम्ही लिहिता, "समोर बसलेला असता तर हे झालंच नसतं."

मला तसं वाटत नाही. तो समोरच्या टेबलाशी बसलेला असता तरी तुम्ही जाता जाता हेच वाक्य टाकलं असतं, आणि त्यानं हीच चूक केली असती. फरक इतकाच की ती गुरुवारी दुपारी चहाच्या वेळी तुमच्या नजरेस पडली असती. ऑफिसचा हा फायदा खरा आहे, मी तो नाकारत नाही. चूक लवकर दिसते. पण त्यासाठी वर्षाला ७ लाख ८० हजार भाडं द्यायच्या आधी दुसरा मार्ग बघा. तोच निरोप असा लिहिला असता तर?

"अंबडच्या गिऱ्हाइकाचं जॉबवर्कचं चलन. ५०० नग बाहेर गेले आणि २०० परत आले, तर ३०० शिल्लक दिसायला हवेत. आत्ता पहिल्याच आवकेला चलन बंद होतं. छपाईच्या नमुन्याला हात लावायचा नाही. शुक्रवारी दुपारी चारपर्यंत हवं, शनिवारी त्यांचा स्टोअरकीपर माल मोजतो. अडलास तर संगमनेरला विचार, मागचं काम त्यानं केलं होतं."

हे लिहायला पाच मिनिटं लागतात. तुम्ही म्हणाल, एवढा वेळ कुठे आहे? वेळ नाही, कारण आज तुम्हीच ऑफिस आहात. चौदा जणांना लागणारी प्रत्येक माहिती तुमच्या डोक्यात आहे, आणि तिथपर्यंत पोचायचा एकच रस्ता, तुमचा फोन. म्हणून तो रात्री अकरापर्यंत वाजतो. कॉलेज रोडला जागा घेतलीत तर हीच माणसं फोन करायच्या ऐवजी तुमच्या केबिनच्या दाराशी उभी राहतील.

आता तुमच्या वडिलांबद्दल. पत्रात ते एका तक्रारीपुरते येतात, पण मला वाटतं तुमच्या अडचणीवरचा उपाय घरात त्यांनाच सगळ्यांत चांगला माहीत असेल. माझे मामा अंबडला एका कारखान्यात फोरमन होते. मी कॉलेजात असताना एकदा त्यांचा डबा द्यायला गेले, तर पाळी बदलायची वेळ होती. पहिल्या पाळीचे लोक सायकली काढत होते, दुसऱ्या पाळीचे आत येत होते, कुणी कुणाशी दोन वाक्यांपलीकडे बोलत नव्हतं. मामा मात्र उभ्यानं एका जाड रजिस्टरात लिहीत होते. पानांच्या कडांना तेलाचे अंगठे उमटलेले. लिहिलं होतं, "मशीन ४, बेअरिंग गरम, १.२० ला बंद. फिटरला सांगितले. ६० नग बाकी. ड्रॉइंगचा जुना कागद वापरू नये." खाली सही. दुसऱ्या पाळीच्या माणसानं ते वाचलं, त्याखाली स्वतःची सही केली आणि थेट मशीन ४ कडे गेला. मामा घरी येऊन शांत झोपले. रात्री त्यांना कुणाचा फोन आला नाही, तेव्हा घरी फोनच नव्हता.

दोन पाळ्यांची माणसं एकमेकांसमोर बसून काम करत नाहीत. तरी कारखाना चालतो, कारण काम रजिस्टरात असतं. दूरवर विखुरलेली कंपनीसुद्धा अशीच चालते. वडिलांना एकदा विचारा, पाळी सोडताना तुम्ही काय काय लिहायचात, आणि कुणी अर्धवट लिहून गेला तर काय व्हायचं? माझी खात्री आहे, ते तासभर बोलतील.

ज्यांनी हे मोठ्या प्रमाणावर केलं त्यांचं उदाहरण घ्या. गिटलॅब नावाची कंपनी आहे, सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना एकत्र काम करायचं साधन देते, तुमच्या पोरांना ती माहीत असणार. २०११ मध्ये युक्रेनमधल्या दिमित्री झापोरोझेत्स यांनी राहत्या घरातून तो प्रकल्प सुरू केला. त्या घराला नळ नव्हता, पाणी विहिरीवरून आणावं लागे. पुढे कंपनी झाली, अनेक देशांत माणसं आली, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये ती अमेरिकेच्या नॅसडॅक शेअर बाजारात नोंदली गेली तेव्हाही तिला ऑफिस नव्हतं. त्यांनी सुरुवातीपासून एक गोष्ट कसोशीनं पाळली. कंपनीत काय कसं चालतं हे सगळं एका पुस्तिकेत लिहून ठेवलं. रजा कशी घ्यायची इथपासून निर्णय कोण घेतो इथपर्यंत. छापली तर दोन हजारांवर पानं भरतील, आणि ती इंटरनेटवर कुणालाही उघडून वाचता येते. तुम्हाला दोन हजार पानं नकोत. वीस पानांपासून सुरुवात करा. मराठीत लिहा, तुमच्या माणसांना कळेल अशा भाषेत, आणि रोज लागणारी उत्तरं आधी लिहा.

कुठली उत्तरं? त्यासाठी एक आठवडा फोनशेजारी वही ठेवा. कुणी फोन केला की प्रश्न एका ओळीत टिपा. शनिवारी वही उघडा. माझा अनुभव असा की निम्म्याहून जास्त प्रश्न तेच ते असतात. बॅकअप कुठे आहे, या गिऱ्हाइकाचा पासवर्ड कुणाकडे, दर काय सांगायचा, हे मी परस्पर ठरवू का. शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. त्याचं उत्तर लिहून टाका: अमुक रकमेपर्यंत, अमुक तासांच्या कामापर्यंत, विचारू नका, करा आणि मग कळवा. पुढे कुणी तोच प्रश्न फोनवर विचारला की उत्तर द्या आणि लगेच पुस्तिकेत घालायला त्यालाच सांगा. पहिले दीड-दोन महिने हे फार कटकटीचं वाटेल. लिहायची सवय नसलेल्या मुलांना लिहितं करणं हे शिकवण्याचं काम आहे, आणि ते तुम्हालाच करावं लागेल.

व्हॉट्सॲपचा ग्रुप या कामाला चालत नाही. तिथे चलनाचा निर्णय, कुणाच्या वाढदिवसाचा केक आणि 'ओके सर' एका ओळीत वाहून जातात, तीन आठवड्यांनी काही सापडत नाही. गूगल डॉक्स असो, नोशन असो, दुसरं काही असो, मला फरक पडत नाही. जागा एकच हवी आणि ती सगळ्यांना दिसायला हवी. रोज सकाळी साडेदहापर्यंत प्रत्येकानं तिथे तीन-चार ओळी लिहायच्या: काल काय झालं, आज काय करणार, कुठे अडलंय. रोजचा पाऊण तासाचा कॉल मग बंद करता येईल. अकरा ते एक सगळे हजर, बाकी वेळ ज्याचा त्यानं ठरवायचा. आणि रात्री आठनंतर तुम्ही निरोप पाठवायचा नाही. सुचलं तर लिहून ठेवा, सकाळी पाठवा. मालकाचा रात्री दहाचा निरोप 'सवडीनं बघ' असा नसतोच, कितीही गोड लिहिला तरी.

त्या लक्ष ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं मात्र मनातून काढून टाका. हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीत बारा जणांची दूरवरून काम करणारी टीम सांभाळत होते. वरून हुकूम आला आणि मी तो राबवला. दर दहा मिनिटांनी स्क्रीनचा फोटो, माउस किती हलला याची टक्केवारी. आमच्यातला सगळ्यांत चांगला माणूस कागदावर विचार करणारा होता. गुंता आला की वही घेऊन गच्चीवर जायचा, अर्ध्या तासानं उत्तर घेऊन खाली यायचा. यंत्रानं त्याला सर्वांत आळशी ठरवलं. मी त्याला खुलासा मागणारा मेल लिहिला. त्यानं उलट उत्तर दिलं नाही, महिन्याभरात नोकरी सोडली. त्याच महिन्यात दुसऱ्या एकानं चालू घड्याळावर माउस ठेवून दिवसभर पॉइंटर हलता ठेवला आणि त्याची टक्केवारी उत्तम आली. तो मेल मी का लिहिला, याचं मला आजही वाईट वाटतं. माउस मोजायला लागलात की माणसं माउस हलवतात. तुम्हाला चलन नीट झालेलं हवंय, तर चलन मोजा.

दुसरीकडे काम करणाऱ्या मुलाचंही असंच बघा. तुम्हीच लिहिता की त्याचं काम वेळेवर होतं. मग आधी त्याच्याशी सरळ बोला. स्पर्धकाचं काम असेल, गिऱ्हाइकाची माहिती बाहेर जात असेल, तर कडक व्हा, तो तुमचा हक्क आहे. रविवारी क्लासमध्ये शिकवत असेल तर करू द्या. दोन्हींमधली रेघ कुठे, हे करारपत्रात लिहिलेलं नसेल तर चूक निम्मी तुमची आहे. आणि त्याला तुमच्याकडे पाचच तासांचं काम पुरत असेल, तर तो जास्तीचं मागायला आला का नाही, हेही विचारा.

आता जिथे मला खरंच थांबावंसं वाटलं तिथे येते. येवल्याची मुलगी. तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, "लग्नानंतर मुलींचं असंच होतं." असंच का होतं?

चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीनं २०१० च्या अखेरीस एक प्रयोग केला होता, अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास मांडला. कॉल सेंटरच्या काही कर्मचाऱ्यांना नऊ महिने घरून काम दिलं, काहींना ऑफिसात ठेवलं. घरून करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. हा आकडा घरून काम करावं म्हणणारे सगळे सांगतात. त्याच प्रयोगातल्या दोन गोष्टी कमी सांगितल्या जातात. एक म्हणजे भाग घ्यायला अट होती की घरात कामापुरती स्वतंत्र खोली हवी. दुसरी, प्रयोग संपल्यावर निवड करायला सांगितली तेव्हा घरून काम करणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे ऑफिसला परतले. एकटेपणा सोसत नव्हता.

तुमच्या चौदा जणांपैकी किती जणांच्या घरात दार लावता येईल अशी खोली आहे? तुम्ही कधी विचारलंत? ऑफिसचं भाडं वाचलं असं आपण म्हणतो तेव्हा ते भाडं कुणीतरी भरतच असतं. तुमच्यासाठी ते येवल्याच्या त्या सासरच्या घरानं भरलं. नवी सून घरात लॅपटॉप उघडून बसली आहे. शेजारीण आली की चहा कुणी ठेवायचा? कुकरची शिट्टी होते तेव्हा कॉलवर सात जण असतात, तिला माइक बंद करून उठावं लागतं. सासूबाई वाईट असतीलच असं नाही. त्यांनी आयुष्यात बघितलेलं काम म्हणजे माणूस सकाळी घराबाहेर जातो आणि संध्याकाळी येतो. घरात बसलेली मुलगी कामावर आहे हे त्यांना दिसणार कसं? ती मुलगी तुम्हाला 'घरी जमत नाही' म्हणाली तेव्हा ती कदाचित नोकरी सोडायची आहे असं म्हणत नव्हती. तिला बसायला जागा हवी होती.

येवल्यासारख्या गावातही आता स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका असतात, महिन्याच्या फीवर टेबल, खुर्ची, वाय-फाय मिळतं. बोलायची सोय तिथे नसते, पण चार तास शांतपणे कोड लिहिता येतो. नाहीतर एखाद्या दुकानावरची छोटी खोली भाड्यानं घ्या, मनमाड किंवा कोपरगावची आणखी कुणी मुलगी मिळाली तर दोघींना सोबत होईल. मुख्य म्हणजे ती सकाळी दहाला घराबाहेर पडेल. कॉलेज रोडच्या जागेचे पैसे असे वापरा. प्रत्येकामागे ४० हजार धरा: बरं टेबल, पाठ धरणार नाही अशी खुर्ची, राउटरसाठी बॅटरी, महावितरणची वीज गेल्यावर लॅपटॉप चालेल असा छोटा इन्व्हर्टर, दुसरं इंटरनेट. चौदा जणांचे ५ लाख ६० हजार झाले. नव्या ऑफिसचं डिपॉझिट आणि पहिलं तीन महिन्यांचं भाडं मिळून याहून जास्त होतं, आणि हा खर्च एकदाच.

याच अनुषंगाने एक कायद्याची बाब, फार थोडे मालक तिच्याकडे बघतात. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती नेमायला सांगतो. 'कामाचं ठिकाण' या व्याख्येत राहतं घरही येतं. ऑफिस नाही म्हणून समिती नाही, असं चालत नाही. अध्यक्ष वरिष्ठ महिला हवी, निम्म्या सदस्य महिला हव्यात, एक सदस्य बाहेरचा हवा. रात्रीचे निरोप, व्हिडिओ कॉलवरचे शेरे, हे सगळं इथे येतं. या महिन्यातच हे करून टाका. भविष्य निर्वाह निधी २० माणसांवर लागू होतो, तुम्ही त्याच्या जवळ येताय. आणि तुमची सगळी माणसं महाराष्ट्रात आहेत म्हणून व्यवसाय कराचा एकच हिशेब आहे. उद्या बेळगावला कुणी घेतलंत तर आधी सीएशी बोला.

तर ऑफिस घ्यायचंच नाही का? असं मी म्हणत नाही. याहू कंपनीनं २०१३ मध्ये आणि आयबीएमनं २०१७ मध्ये घरून काम करणाऱ्यांना परत बोलावलं, त्यांच्याकडे त्यांची कारणं होती. उलट वर्डप्रेस डॉट कॉम चालवणाऱ्या ऑटोमॅटिकनं त्याच २०१७ मध्ये सान फ्रान्सिस्कोचं सुंदर ऑफिस बंद केलं, कारण तिथे येणारं जवळजवळ कुणी उरलं नव्हतं. दोन्ही पद्धती चालतात. बिघडतं ते मधल्यामध्ये, आणि मला भीती त्याचीच आहे. तुम्ही जागा घ्याल, नाशिकचे पाच जण येऊ लागतील. बाकीच्या नऊ जणांतले दोघे-तिघे येतील, उरलेल्यांना सोडणं तुम्हाला जड जाईल, कारण माणसं चांगली आहेत. मग खालच्या टपरीवर चहा घेताना निर्णय होतील आणि कोल्हापूरला ते चार दिवसांनी कळतील. पगारवाढ समोर दिसणाऱ्याला आधी मिळेल. दूरची माणसं गप्प होत जातील आणि एकेक करून सोडून जातील. तेव्हा तुम्हाला वाटेल, बघा, दूरचे लोक टिकतच नाहीत.

म्हणून नाशिकच्या पाच जणांना एकत्र बसायचं असेल, आणि असेलही, तर चार-पाच टेबलांची छोटी जागा जरूर घ्या. पण नियम एक. कॉलवर एक जरी माणूस दूर असेल तर प्रत्येकानं आपापल्या लॅपटॉपवरून, आपापला हेडफोन लावून बोलायचं. एका खोलीत पाच जण आणि स्पीकरवर नऊ, असं करायचं नाही. टपरीवर ठरलेली गोष्ट लिहिली जात नाही तोवर ठरली नाही, हा दुसरा नियम म्हणा. आणि २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवसांत शहराचे रस्ते कसे असतील ते तुम्ही जाणताच. ऑफिसवर अवलंबून असलेलं काम त्या दिवसांत कसं निभावाल, याचाही विचार करा.

एकटेपणाला मात्र लिखाणाचा उपयोग नाही, तिथे माणसंच भेटायला हवीत. वर्षातून दोनदा सगळ्यांना नाशिकला बोलवा, तीन-तीन दिवस. एकदा द्राक्षांच्या दिवसांत, एकदा दिवाळीनंतर. गंगापूर धरणाच्या बाजूला राहायच्या पुष्कळ जागा आहेत. येणंजाणं, राहणं कंपनीच्या खर्चानं, आणि कामाचा भरगच्च कार्यक्रम लावू नका. सकाळी मिसळ खायला न्या, एक दुपार पुढच्या सहा महिन्यांबद्दल बोला, बाकी सोडून द्या. एकमेकांचा आवाज आणि हसणं ओळखीचं झालं की पुढचे सहा महिने लिहिलेल्या निरोपात उगाच राग वाचला जात नाही. नवीन मुलगा आला तर पहिले दोन आठवडे त्याला नाशिकला जुन्या माणसाशेजारी बसवा, पुढचे तीन महिने रोज एका ठरलेल्या माणसाशी अर्धा तास बोलू द्या. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोराला खोलीत एकटं टाकून 'शिक' म्हणणं बरोबर नाही. त्यानं काय विचारायचं हेही त्याला माहीत नसतं.

अंबडच्या गिऱ्हाइकाला तुमच्या खुर्च्या बघायच्या नाहीत. बिलिंग बंद पडलं तर कुणाच्या दारात जाऊ, एवढंच त्यांना जाणून घ्यायचंय, आणि ते रास्त आहे. त्यांनी यायच्या आधी तुम्हीच त्यांच्याकडे जा. दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी त्यांच्या स्टोअरमध्ये दोन तास उभे राहा, स्टोअरकीपर काय करतो ते बघा. अडचणीला कुणाला फोन करायचा, किती तासांत उत्तर मिळेल, हे लेटरहेडवर लिहून द्या. जीएसटीचं प्रमाणपत्र आणि नोंदणीकृत पत्ता जोडा.

पत्त्यावरून आठवलं. पाटीच्या बाबतीत वडिलांचं बरोबर आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १२ नुसार नोंदणीकृत कार्यालयाबाहेर, मग ते राहतं घर का असेना, कंपनीचं नाव आणि पत्ता वाचता येईल असा लावावाच लागतो. नाव इंग्रजीत असेल तर इथल्या लिपीतही. नसेल तर दंड आहे, दिवसाला हजार रुपये, एक लाखापर्यंत. पाटी करून घ्या, वडिलांना बरोबर घेऊन जा, अक्षर त्यांना निवडू द्या.

हे सगळं एकदम होणार नाही. कॉलेज रोडच्या मालकाला सांगा, तीन महिन्यांनी कळवतो. जागा गेली तर जाऊ द्या, दुसरी मिळेल. तीन महिन्यांनी वही पुन्हा काढा आणि फोन मोजा. तेवढेच राहिले असतील तर ऑफिस घ्या, मी स्वतः म्हणेन.

येवल्याच्या मुलीची नोटीस या महिनाअखेरीला संपते असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे तुमच्याकडे थोडे दिवस आहेत. तिला राहा म्हणून गळ घालू नका, पगार वाढवतो असंही आधी बोलू नका. फक्त विचारा, तू बसतेस कुठे? आणि तिला पूर्ण सांगू द्या.